रिकाम्या जंतूंची लस आणि अर्धेलीच्या कोंबड्या

गेल्या वर्षी फाल्गुन संपता संपता कोंबड्यांच्या लसीवर प्रबंध करणारी माझी भाची मुंबईहून डहाणूला माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून पुरता निवळलेला नाही. मी तलासरीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. गाई-म्हशींना, शेळ्यांना, कोंबड्यांना लसी देण्यात माझी निम्मी नोकरी गेली. लस म्हणजे काय हे मला कळतं, अशी माझी समजूत होती. जंतू एकतर मेलेला असतो, नाहीतर अर्धमेला. तिसरा प्रकार मला ठाऊक नव्हता.

भाचीचा जंतू रिकामा होता.

"रिकामा म्हणजे मेलेलाच ना?" मी कोलंबी सोलत होते.

"मेलेलाच. पण तसा मेलेला नाही."

"मग कसा?"

तिने माझ्यापुढचं एक टरफल उचललं. जंतू उकडून मारला तर त्याची कातडी बिघडते, मग कोंबडीच्या शरीराला तो नीट ओळखू येत नाही, असं ती म्हणाली. म्हणून तिच्या प्रयोगशाळेत त्याला उकडत नाहीत. त्याच्याच आत असं काहीतरी घालून ठेवतात की ते जागं झालं की भोक पडतं आणि पोटातलं सगळं बाहेर येतं. राहतं ते नुसतं टरफल, जिवंतपणी होतं तसंच.

"म्हणजे आम्ही आतलं खातो आणि टरफल टाकतो, तुम्ही आतलं टाकता आणि टरफल ठेवता."

"बरोबर!" ती खूश झाली. मी झाले नाही, कारण तिचं पुढचं वाक्य आलं. हे टरफल कोंबड्यांच्या रोगाच्या जंतूचं नव्हतंच. ते पोटात राहणाऱ्या एका साध्या जंतूचं. रोगाच्या जंतूचा एक बारीकसा तुकडा त्याच्या अंगावर चिकटवलेला. टरफल एकाचं, माल दुसऱ्याचा.

"मग ही लस नक्की कोणाची?"

"मावशी, टरफल फक्त वाहून नेतं."

"मग नुसता तुकडाच का नाही देत?"

"नुसत्या तुकड्याकडे शरीर लक्ष देत नाही. टरफल दिसलं की जागं होतं."

मी मान हलवली. पटलं म्हणून नाही, कोलंबी संपली म्हणून. शिवाय इंग्रजीत या रिकाम्या जंतूंना भूत म्हणतात, हेही तिने हसत सांगितलं. हा शब्द पाड्यावर तोंडातून काढायचा नाही, एवढी तंबी मी तिला तिथल्या तिथे दिली.

तिचं सगळं काम पाड्यावरच्या कोंबड्यांवर अडलेलं होतं. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोंबड्यांवर लस चालली होती. आता अंगणात फिरणाऱ्या, मिळेल ते टिपणाऱ्या गावठी कोंबड्यांवर चालते का, हे दाखवलं की तिचा प्रबंध पुरा. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि लस एकदाच तयार झाली होती. तिच्या कॉलेजने परवानग्या काढल्या, पाडे मी निवडले. एक रानशेतचा, एक विवळवेढ्याच्या बाजूचा. दोन्हीकडे मला ओळखतात आणि माझी बोलणी खाऊन घेतात.

रानशेतच्या पाड्यावर सगळ्यांत जास्त कोंबड्या एका बाईच्या. आदल्या पावसाळ्यात रोगाची मर आली तेव्हा तिचं खुराडं रात्रीत रिकामं झालं होतं, आणि आता कुठे ते पुन्हा भरत होतं. तिच्या अंगणात बायका जमल्या. एका पाड्याला लसीची पूड पाण्यातून मिळेल, दुसऱ्याला तशीच दिसणारी साधी पूड, आणि मग दोन्हीकडचं रक्त तपासायचं, असं भाचीने समजावलं.

"मंग आमची खरी का खोटी?" त्या बाईने विचारलं. इकडे साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना 'तू'च म्हणतात. तिने माझ्याकडे बोट केलं. "तू सांग, बाई."

"मला माहीत नाही."

"हिला?"

"मलाही नाही," भाची म्हणाली. "पाकिटांना फक्त रंग आहेत. पिवळं आणि पांढरं. कुठलं खरं ते मुंबईला माझ्या सरांना माहीत."

"त्याने आमच्या कोंबड्या पायल्यात?"

"नाही."

"म्हंजे जो आलाय त्याला ठावं नाय, न् ज्याला ठावं त्यो आलाच नाय." बायका खदाखदा हसल्या. एकीने विचारलं, पुडीत तरी काय आहे? भाची म्हणाली, रिकामे जंतू. आणि दुसऱ्या पुडीत? त्यात तेही नाहीत. यावर जे हसणं झालं त्यात मीसुद्धा होते, कारण मलाही त्या क्षणी दोन पुड्यांतला फरक सांगता आला नसता.

तरी त्या तयार झाल्या. रानशेतला पिवळं पाकीट, विवळवेढ्याला पांढरं. ज्या पाड्याचं जे पाकीट त्याच रंगाच्या कड्या कोंबड्यांच्या पायांत घातल्या. पहिली मात्रा चैत्र लागताच दिली. दुसरी तीन आठवड्यांनी द्यायची होती. मधे महालक्ष्मीची जत्रा लागली.

दुसऱ्या मात्रेच्या सकाळी आम्ही आधी विवळवेढ्याला गेलो. पाण्याची थाळी ठेवली, खुराड्याचं दार उघडलं, आणि पहिली कोंबडी बाहेर आली ती पिवळी कडी घालून.

भाचीने झटकन थाळी मागे ओढली. पुढच्या घरी पांढऱ्या कड्या होत्या, पण त्यांच्यात दोन पिवळ्या. त्याच्या पुढच्या घरी एक पिवळी डालग्याखाली अंड्यांवर बसलेली. मला वाटलं, कड्या घालतानाच आमची चूक झाली. भाचीला वाटलं, पाकिटंच उलटी गेली. आम्ही दोघी भर अंगणात एकमेकींवर आवाज चढवत होतो. तेवढ्यात घरधनीण बाहेर आली आणि म्हणाली, "ही माझ्या भयनीची. रानशेतची."

रानशेतची ती बाई हिची सख्खी बहीण. जत्रेत दोघी भेटल्या आणि त्यांनी कोंबड्या अर्धेलीने दिल्या-घेतल्या. इकडे ही जुनीच रीत आहे: कोंबडी माझी, सांभाळायची तू, पिल्लं निम्मी निम्मी. त्यांचं बघून बाकीच्या घरांनीही तेच केलं.

रानशेतला जाऊन मी त्या बाईला फैलावर घेतलं. तिच्याही अंगणात डालग्याखाली पांढऱ्या कडीची एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती जागची हलली नाही.

"तुमीच सांगलं ना, एका पाड्याला खरी, एकाला खोटी, न् कुठली कुणाला ते कुणालाच ठावं नाय? मंग माझ्या सगल्या खोटीवर ठेवू? गेल्या सालासारखी मर आली तं? आर्ध्या तिकडं, आर्ध्या इकडं. कुणाच्या तरी वाचतील न् दोघी मिलून खाऊ."

वीस-पंचवीस वर्षं लसी दिल्या, पण अशा वेळी काय बोलायचं हे कुठल्या प्रशिक्षणात आलं नव्हतं. रागावायचं कशावर? तिचा हिशेब चोख होता आणि आमचा प्रयोग बुडाला होता, दोन्ही एकदम.

"आजच्या दिवस ज्याच्या त्याच्या घरी आणा," मी म्हटलं.

"अंड्यावर बसलेली उचलायची? पिल्लं तू उबवशील?"

मग मी भाचीला बाजूला घेतलं आणि व्यवहाराचं बोलले. कड्या बघून ज्याची त्याला मात्रा दे, बदललेल्या सोडून दे, राहतील त्यांचं रक्त घे. कोण विचारणार आहे?

"बदललेल्या सोडल्या तर उरतात किती? आणि मधल्या दिवसांत कोणी कुणाचं पाणी प्यायलं, काय सांगणार मी? नाही मावशी. तसं लिहिता येणार नाही."

"मग प्रबंध?"

पिशवीतली उरलेली पाकिटं तिने चाचपली. मी सवयीने म्हटलं, परत न्यायची तर बर्फ आणते. तर म्हणाली, नको, कोरडी पूड आहे, नुसती फळीवर ठेवली तरी टिकते. मी चकित झाले. माझी सगळी नोकरी बर्फाचा डबा सांभाळण्यात गेली आणि ही पोरगी ते आत्ता, जाता जाता सांगत होती. लसीतली ही एकच गोष्ट मला पहिल्या झटक्यात कळली.

तिने चिंचेखाली उभं राहून सरांना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, माझा सल्ला तेवढा गाळून. मग सर म्हणाले की ही तुलना रद्द धरायची. उरलेल्या पुडीत लहान प्रमाणावर पुन्हा सुरुवात करता येईल, मात्र या वेळी प्रत्येक घरातच निम्म्या कोंबड्यांना एक पूड, निम्म्यांना दुसरी, चोचीत थेंबाने. परवानगी नव्याने काढावी लागेल. शिष्यवृत्ती वाढेल का, ते सांगता येत नाही.

"म्हणजे चांगलं झालं की वाईट?" मी विचारलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी तिला पाणी दिलं आणि चेहरा धू म्हणाले. अजून पाड्याला विचारायचं होतं.

बायका पुन्हा जमल्या. भाचीने पहिल्यापासून सगळं सांगितलं: मागचं वाया गेलं, आता प्रत्येकीकडे दोन्ही पुड्या येतील, म्हणजे कोणाच्याच सगळ्या कोंबड्या खोटीवर राहणार नाहीत, कोंबड्या प्रयोग संपेपर्यंत बाहेर द्यायच्या नाहीत, नको असेल तर आत्ताच नाही म्हणा. कोणी हसलं नाही. त्या बाईने भाचीकडे नीट बघितलं.

"भयनीला इचारून सांगते," ती म्हणाली. "पण जी अंड्यावर बसलीय तिला पिल्लं निघंपर्यंत हात लावाचा नाय."

"नाही लावणार," भाची म्हणाली, आणि डालग्यापासून दोन पावलं मागे सरकली.