गव्हाचा विटाळ

आमच्या भागात ज्वारी खातात आणि गव्हाचा मान करतात. रोज दोन्ही वेळेला भाकर. सण आला, सोयरा आला, जावई आला की पोळी. जावयाच्या ताटात भाकर पडली तर तो पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात ती गोष्ट उकरून काढतो. अशा मुलखात मला गव्हाचं वावडं निघालं. म्हणजे कोणी विचारत नसलं की मी ठणठणीत आणि कोणी आदरानं जेवू घातलं की आडवा. माझा जेवढा मान झाला तेवढा मी खंगलो.

लहानपणी हे कोणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, आणि दिवसातून सहा वेळा टमरेल घेऊन बांधाकडे पळायचं. गावच्या वैद्यबुवांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं, "पोराले जवारी झेपत नाई. गव्हाचं सत्त्व द्या." झालं. कामरगावच्या आमच्या घरात भावंडं भाकरी खाऊन धोंड्यासारखी वाढत होती आणि आई माझ्यासाठी गहू भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व शिजवत होती. सत्त्वानं गुण येईना म्हणून दलिया. दलियानं येईना म्हणून दुधात कुस्करलेली पोळी. मी वाळत गेलो तसा गहू वाढत गेला. आईवर राग धरता येत नाही, तिनं डोळ्यांत पाणी आणून भरवलं. वैद्यबुवांवर मात्र मी अजून धरून आहे. ते जाऊन जमाना झाला, तरी.

मोठा झाल्यावर पहिली नोकरी या पोटानंच खाल्ली. महिन्यातले दहा दिवस खाटेवर असणारा कारकून कोणाला पाहिजे? शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी तीन आठवडे दवाखान्यात ठेवून मला नुसता भात खाऊ घातला आणि मी बरा झालो. मग एक पोळी दिली आणि मी पडलो. "विलायतेत हे नुकतंच कळलंय," ते म्हणाले. "गव्हाचा कणही नको. गव्हाचं पीठ लागलेला हात, तवा, परातसुद्धा चालणार नाही. भाकर खा, सुखात राहा." मला इतका आनंद झाला की वाटलं, वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला याहून सोपं पथ्य काय असेल! डॉक्टर शहाणे होते, पण त्यांनी कारंजा पाहिलं नव्हतं.

कारंजाला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकुनी मिळाली. सहा महिने कच्ची, मग कायम. जिनाच्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलं, की हंगामात दोन दिवसांच्या वर खाडा झाला तर तिसऱ्या दिवशी येऊ नका. त्या वेळी माझं वय लग्नाचं होतं आणि वजन लग्नाचं नव्हतं. ही नोकरी गेली असती तर भावाच्या ओसरीवर खाट टाकून जन्म काढायचा, एवढंच उरलं होतं. म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं ते मी कुठे जेवतो यावर.

आधी हॉटेलं पाहिली. भजी बेसनाची, म्हणून पहिल्या हॉटेलात विचारलं, "भजी नुसत्या बेसनाची ना?"

"नाई त काय सोन्याची?" मालक म्हणाला.

"दुसरं काही मिसळत नाही?"

"कायले मिसळू? थोडा मैदा टाकतो. पण तो त पडतेच ना, त्याले मिसळनं म्हनत नाईत."

दुसऱ्याच्या भज्यांत मैदा नव्हता, पण त्याच कढईत पुऱ्या तळून निघत होत्या. तिसऱ्याकडे चिवडा घेतला, पोह्यांचा, निर्धोक, आणि संध्याकाळी पोट गुरगुरू लागलं. चौकशी करत किराणा दुकानापर्यंत गेलो तेव्हा कळलं, की हिंगात कणीक असते. "निव्वळ हिंग कोनाले सोसते बाप्पा?" दुकानदार समजूत घालत म्हणाला. हिंग पोटासाठी औषधी, म्हणून लोक मला आवर्जून हिंग घातलेलं ताक पाजायचे. तेही बंद केलं.

मग खानावळी. बाजारातल्या मोठ्या खानावळीच्या मालकानं मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "भाकर? भाकर ठेवत नाई आमी. अठी भले लोकं जेवतात." एवढ्या मोठ्या ज्वारीच्या बाजारात, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना, भल्या माणसाला भाकर मिळत नव्हती. खेड्यातून आलेला जो तो इथं पोळी खाऊन आपण खेड्यातले नाही हे सिद्ध करत होता.

शेवटी जिनाच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईची खानावळ सापडली. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याकडे पोळीही होती आणि कोणी मागितली तर भाकरही. मी हात जोडून डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिनं कंबरेवर हात ठेवून ऐकलं आणि हसत सुटली. "गव्हानं कोनी मरते काय भाऊ? गहू नाई भेटत म्हनून मरतात लोकं." तरी भाकर देते म्हणाली. चौथ्या दिवशी मी आडवा पडलो. उठून विचारलं, "मावशी, परात धुतली होती?"

"पुसली ना! कनीक काय घान आहे काय धुवाले?"

खाड्याचे दोन दिवस संपले होते.

त्या दुपारी चिडून बसलो असताना मी पहिल्यांदा ती खानावळ नीट पाहिली. मावशीच्या अंगणात निंबाखाली काही बैलबंडीवाले आणि जिनातले हमाल जेवायला बसत. त्यांना उंबऱ्याच्या आत यायची सोय नव्हती. त्यांची चूल अंगणात, त्यांच्यातलीच एक बाई भाकरी थापायची. परात वेगळी, तवा वेगळा, गडवे वेगळे. मावशी त्यांना पाणी हातभर उंचीवरून ओतायची, आणि एखादा थेंब उलट उडाला तर लुगडं बदलायची. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता म्हणे. पण कायदा बहुतेक पुढच्या दारानं आला असावा, अंगण मागं होतं. मी बघतच राहिलो. कशानं काय बाटतं, कुठला हात कुठल्या भांड्याला लागला, याचं एवढं बारीक शास्त्र या बाईला येत होतं. नागपूरच्या डॉक्टरांना जे मला अर्धा तास समजवावं लागलं ते हिला सात पिढ्यांपासून पाठ होतं. फक्त ते माणसांना लागू होतं, पिठाला नव्हतं.

मी डोकं लढवलं. दुसऱ्या दिवशी कपाळाला कुंकू लावून गेलो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "मावशी, खोटं बोललो. आजार नाही. पोहरादेवीला नवस बोललोय. नोकरी कायम होईपर्यंत गव्हाचा विटाळ नको."

मावशीच्या हातातला झारा खाली आला. "मंग आधी काहून नाई सांगतलं?" ती जवळजवळ ओरडली. "देवीचं काम, आन् मी पुसलेल्या परातीत भाकर थापून राह्यली! मले पाप लावता काय?"

त्या क्षणापासून माझं राज्य आलं. नवी परात आली, नवा तवा आला. मावशी सकाळी आंघोळ करून, ओलेत्यानं, कणकेच्या डब्याला हात लावण्याआधी माझ्या भाकरी करून ठेवायची आणि त्यावर कोरं फडकं झाकायची. हिंग गेलं. कोणी पोळीचा हात घेऊन माझ्या ताटाजवळ आलं तर ती पळी उगारायची. विज्ञानाला जे जमलं नाही ते देवीनं एका सकाळी केलं, आणि देवीला ते माहीतही नव्हतं. मी पाच महिन्यांत गोरागोमटा झालो, सदरे घट्ट होऊ लागले. पंगतीतले लोक एकमेकांना दाखवायचे, नवसाचं तेज पाहा. एकदोघांनी तर मला पोरीच्या सोयरिकीचा दिवस विचारला. मी डोळे मिटून मंगळवार सांगितला. वैद्यबुवांकडून तेवढं शिकलो होतो.

नवसाला मुदत घातली ही माझी अक्कल. जन्मभराचा नवस म्हणायला काय झालं होतं? पण खोटं बोलणारा माणूस एक पाऊल पुढचं पाहतो, दोन नाही.

नोकरी कायम झाल्याचं पत्र मिळालं ती बातमी माझ्या आधी खानावळीत पोचली. दुपारी गेलो तर पंगत खोळंबलेली, माझ्या पाटापुढं रांगोळी, आणि ताटात पुरणाच्या दोन पोळ्या, तुपानं थबथबलेल्या. "नवस फिटला," मावशी म्हणाली. तिचा चेहरा माझ्या आईचा झाला होता. "आता माह्या हातची पोयी खा. पाच महिने जीव तुटला माहा तुमाले कोरडी भाकर वाढताना."

मी बसलो. उठलो. आणि सगळं सांगितलं. नवस नव्हता, आजारच होता, तुम्ही हसलात म्हणून देवीचं नाव घेतलं.

मावशीनं तुपाची वाटी खाली ठेवली. ती आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण ती हळू आवाजात बोलली, आणि ‘तुमी’ सोडून ‘तू’वर आली. "देवीसाठी सोवळं पायलं मी. तुह्या पोटासाठी नाई. अठी बसाचं त सगळे खातात ते खा. निराळं पाह्यजे त निराळं थ्या आंगनात भेटते." तिनं मागच्या दाराकडे बोट केलं.

मी त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. निंबाखाली तीन माणसं जेवत होती. गरम भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. त्या चुलीवर कधीही गव्हाचं पीठ गेलं नव्हतं. सबंध कारंजात मला निर्धास्तपणे जेवता येईल अशी जागा पहिल्या दिवसापासून वीस पावलांवर होती. मी हॉटेलं पालथी घातली, किराणा दुकानात हिंगाचा तपास केला, देवीला खोट्यात ओढलं, पण तिकडे जाऊन बसावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बंडीवाल्यानं आतलं सगळं ऐकलं असावं. त्यानं आपलं धोतर आवरलं आणि बाजूला सरकून जागा केली.

पंगत माझ्याकडे बघत होती. त्यांतले निम्मे माझ्या जिनातले, काही माझ्या नात्यागोत्याच्या गावचे.

मी पाटावर बसलो आणि पोळी मोडली. दोन्ही खाल्ल्या. तिसरी वाढली तीही खाल्ली.

सोळा दिवस पडून होतो. कायम झालो होतो म्हणून नोकरी वाचली. सतराव्या दिवशी भिंतीला धरत धरत जिनात जाताना फाटकापाशी तो म्हातारा बंडीवाला भेटला. बैल सोडून कडबा टाकत होता. मला पाहून त्यानं मान हलवली.

"त्या दिशी आंगनात याचं होतं ना बाबूजी," तो म्हणाला. "भाकर गरम होती."

टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"घाईत होतो," मी म्हणालो.