लग्नाची घोडी आणि सरकारी विमा

माझी लेक सहा वर्षांची झाली तरी एकटी बसू शकत नव्हती. जन्मताना मेंदूला इजा झाली होती, त्यामुळे पाठ आणि कंबर तिचं ऐकतच नसत. भिंतीशी दोन्ही बाजूंना उशा लावून बसवायची, आणि मी भाजीला फोडणी देईपर्यंत ती एका कुशीला कलंडलेली असायची. तेव्हा, नव्वदच्या दशकात, आम्ही भद्रावतीला राहत होतो. चंद्रपूरहून दर रविवारी एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. त्यांनी एकदा सहज विचारलं, "इथी कोनाकडं घोडा हाय काय?" मला वाटलं, थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. घोडा चालला की वर बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते तशी हलते, आणि तोल सावरता सावरता पाठ शिकत जाते, असं त्यांनी समजावलं. आमच्या ओळखीत घोडी एकच, वरातीची. तिच्या मालकांना सगळे चाचा म्हणत. घोडी म्हातारी, फटाके फुटले तरी कान न हलवणारी, आणि नाचणाऱ्यांच्या मागे हळूहळू चालण्यात तिचा जन्म गेलेला. बाईंना आणखी काय हवं होतं? घोडीच्या पाठीवर घोंगडी, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी, पुढे लगाम धरून चाचा, अशी आमची वरात रविवारी मैदानात निघू लागली. लेक पहिल्या दिवशी रडली, पुढच्या रविवारपासून हसायला लागली. ते हसणंच आम्हाला नडलं.

नवऱ्याच्या कारखान्यातल्या कामगारांना सरकारी विमा होता. औषधं, इंजेक्शनं, लोखंडी पट्ट्यांचे बूट, सगळं त्यात मिळे. घोडी मिळत नव्हती. घोडीच्या भाड्याचा खर्च आमच्या पगारात फार दिवस झेपणारा नव्हता, आणि मध्येच सोडलं तर पाठ पुन्हा सैल पडेल, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आसपासच्या कामगारांच्या घरांतही अशी पोरं उशांना टेकून बसलेली मी पाहिली होती. घोडीचा खर्च विम्यातून मिळावा म्हणून मी अर्ज केला, त्यांच्यासाठीही मागणी केली. अर्जांवर अर्ज झाल्यावर विमा कचेरीतले डॉक्टर पाहायला येतो म्हणाले, तेव्हा माझा आनंद गगनात मावेना.

त्या रविवारी मैदानात पोचले आणि कपाळावर हात मारून घेतला. जरीची झूल, डोक्यावर मोत्यांची झालर, पायांत घुंगरू. चाचांनी घोडी लग्नासाठी सजवावी तशी सजवली होती.

"चाचा, हे काऊन केलं?"

"बाई, एवढे मोठे साहेब येऊन राह्यले. त्यायच्यासमोर घोडी अशीच उभी करू काय?"

काही उतरवायच्या आत जीप आलीच. घुंगरू वाजले आणि घोडीला वाटलं, वरात निघाली. ती चार पावलं चालायची, नाचणाऱ्यांसाठी थांबायची, मान डोलवायची आणि पुन्हा निघायची. लेक वर बसून खिदळत होती. डॉक्टरही हसले. म्हणाले, "छान आहे. पण हे मनोरंजन झालं, बाई. विमा उपचारासाठी असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरगी रडली तं उपचार, अन् हसली तं मनोरंजन? असं कुठी लिहून हाय?" नवऱ्याने मागून पदर ओढला. जीप निघून गेली.

चाचा संध्याकाळी मान खाली घालून आले. "माह्यामुळं झालं, बाई. आता पैशाचं नाव काढू नका. इतवारी घोडी येईन." त्यांच्यावर कसली रागावणार? आमच्या पोरीच्या उपचाराला लग्नाचा मान देणारा तेवढा एकच माणूस भेटला होता.

पुढचं वर्षभर घोडी बिनघुंगरांची आली. मी एसटीने चंद्रपूरच्या कचेरीत खेटे घालत राहिले. एकदा घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून लेकीलाही नेलं. साहेब आता नवे होते आणि फोनवर बोलत होते. कडेवरून आणलेल्या लेकीला मी शेजारच्या बिनपाठीच्या स्टुलावर बसवलं. फोन ठेवून त्यांनी मान वर न करताच आमचे जुने कागद चाळले.

"पेशंटला आधाराशिवाय बसता येत नाही असं लिहिलंय. मग घोड्यावर कसं बसवता? पुढच्या वेळी तिला घेऊन या, मी स्वतः बघतो."

मी तोंड उघडणार, तोच लेक तिच्या अडखळत्या बोलीत म्हणाली, "ते पेशंट मीच आहो."

साहेबांनी मान वर केली. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, एक मोजा घसरलेला. तिला कुणी धरलेलं नव्हतं. साहेब कोरा कागद ओढून शिफारस लिहायला लागले. मंजुरी पुढे आली, पण तिच्या एकटीपुरती. बाकीच्या पोरांसाठी मी त्यानंतरही कितीतरी वर्षं भांडले.

त्या दिवशी लिहून झाल्यावर निघायचं म्हणून मी तिला उचलायला हात पुढे केले. तिने ते बाजूला सारले.

"थांब आई. मले अजून बसू दे."