उलटी शिवी

जळकोटात माझ्या तोंडाला भीत नसेल असं माणूस नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. नवरा तापानं गेला तेव्हा मुलगा अंगावर पीत होता. दीर म्हणाले, जमीन आमच्याकडं द्या, तुम्ही पोर सांभाळा. मी जमीन दिली नाही. पण एकट्या बाईजवळ काय असतं? त्यात ते रझाकारांचे दिवस. मग होती ती जीभच मी परजली. बांध कोरणाऱ्याला, हिरव्यात बैल सोडणाऱ्याला असं काही बोलायची की तो माणूस पुन्हा त्या वाटेनं येत नसे. शेत राखलं, पोर वाढवलं. पुढं निजाम गेला, राज्य बदललं, हमरस्त्यानं मोटारी धावू लागल्या, भांडायला कुणी उरलं नाही. पण हे जिभेला कोण सांगणार? ती आपली चालूच. बैलाला शिवी, मांजराला शिवी, तवा तापला नाही तर चुलीला शिवी. 'मुडदा बशिवला तुझा' म्हटल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

मुलाचं, दत्तूचं, लग्न झालं. सून तेरची, नाव कमळ. मऊ स्वभावाची पोर. मला आत्याबाई म्हणायची, आणि मी हाक मारली की हातातलं काम टाकून धावत यायची. मला ती फार आवडली होती. पण तसं एकदाही बोलून दाखवलं नाही. चांगलं बोलायची सवयच नव्हती हो मला.

तिला सातवा महिना होता. दुधावर झाकण ठेवायचं ती विसरली आणि मांजरानं पातेलं लवंडलं. एवढंच घडलं. मी अंगणातूनच ओरडले, "सटवे, तुझी कूस कदी उजवायची न्हाय!" बोलले आणि शेण काढायला गोठ्यात गेले. माझ्या लेखी दूधही संपलं, शिवीही संपली. आठवडाभरात बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, यात कुणाचा दोष नाही. मी ते ऐकलं, कमळनंही ऐकलं. परतताना मोटारीत तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि मान खिडकीकडं वळवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

नंतर ती घरात वावरायची, पण मी आवाज चढवला की तिचा हात आपसूक पोटाकडं जायचा. तिथं काही नसतानाही जायचा. मी ते बघायची आणि रात्री पांघरुणात तोंड घालून रडायची. सकाळी उठले की जीभ पुन्हा तशीच. कमळला पुन्हा दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यातच ती तेरला माहेरी निघून गेली. जाताना दत्तूला म्हणाली, "मी बाळंत हुईपतूर आत्याबाईचा आवाज माझ्या कानावर पडू दिऊ नका. तुमाला हात जोडते." हे दत्तूनं मला ओसरीवर बसून, खाली मान घालून सांगितलं. पोटच्या पोराला आईला असं सांगावं लागतं, याहून वाईट काय असणार?

मग मी जिभेला लगाम घालायला निघाले. तोंडात तुळशीचं पान धरून बसायची. पान चावलं जायचं आणि मागून शिवी यायचीच. मंगळवारचं मौन धरलं, तर बैलानं शेपूट तोंडावर मारलं आणि मौन तिथंच मोडलं. माझं मलाच हसू यायचं, आणि त्याहून जास्त रडू. वाटायचं, आई भवानीनंच मला ही जीभ दिली, आता तिलाच नकोशी झाली असेल तर तिनं परत घ्यावी. डोळ्यांचं दुखणं आलं की लोक देवीला चांदीचे डोळे वाहतात. मी नळदुर्गच्या सोनाराकडून चांदीची जीभ करून घेतली. "कुणाची जीभ दुकायली, काकू?" त्यानं विचारलं. "जीभ माझी, दुखणं दुसऱ्यांचं," मी म्हटलं.

तुळजापूरला गर्दी होती. मुठीत ती चांदीची जीभ घट्ट धरून मी देवळाच्या पायऱ्या उतरत होते. मागून कुणा बाप्याचं कोपर पाठीत बसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुडदा बशिवला तुझा, डोळे फुटले का?" देवीच्या दारात! हातात नवसाची जीभ असताना! कुठल्या तोंडानं आत जाऊ? तिथंच कल्लोळ तीर्थाच्या कडेला बसले आणि लोकांची पर्वा न करता रडायला लागले.

शेजारी एक म्हातारी आराधीण बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, पुढ्यात परडी. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं, कारण तेवढ्यात एका शेळीनं परडीतल्या जोगव्याच्या पिठात तोंड घातलं होतं. म्हातारी ताडकन उठली. हात उगारून, डोळे वटारून, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात तिनं शेळीवर तोंड सोडलं, "ए सटवे! चांगलं व्हईल तुझं! चाऱ्याला कदी कमी पडायचं न्हाय तुला! शंभर पिल्लांची आई व्हशील, चल निघ हितून!" शेळी जीव घेऊन पळाली. आणि मी, डोळ्यांत पाणी असताना, फिस्सकन हसले.

"आता रडायलीस, आता हसायलीस. काय झालं गं?" ती म्हणाली.

"मावशी, ही कसली शिवी?"

"शिवीच हाय की. उलटी घातलीया, सदरा घालतेत तशी."

मी तिला सगळं सांगितलं. दूध, मांजर, ते बाळ, कमळचे शब्द. तिनं माझी समजूत घातली नाही की पाठीवर हात फिरवला नाही. पीठ सारखं करता करता तिनं विचारलं, "हातातली बांगडी फुटली, तर तू काय म्हनतीस?"

"वाढली म्हणते."

"अन् दिवा मालवलास की?"

"दिवा वाढवला म्हणते."

"कुनाच्या घरून निघताना जाते म्हनतीस का येते म्हनतीस?"

"येते म्हणते, मावशी. जाते कसं म्हणायचं?"

"मग! बांगडीला वंगाळ शब्द लागू नये म्हून इतकी जपतीस. बांगडी तर काचंची. सून कशाची हाय?"

जन्मभर मी हे शब्द बोलत आले होते. माझ्या आईनं शिकवले, मी कमळलाही शिकवले. फुटलेल्या काचेसाठी शब्द पालटायला मला कधी जड गेलं नाही. आणि जित्या माणसाला मात्र फूट, मर, वाटोळं होवो, असं बेधडक म्हणत होते. माझं कुठं चुकलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"राग सोडीन म्हनू नगंस, जमायचं न्हाय तुला," म्हातारी म्हणाली. "आईला काय कमी राग हाय? पर तिनं त्यो म्हशासुरावर काढला, लेकरांवर न्हाय. तुझी जीभ तिच्या वटीत टाक. वरड हाय तितकंच, पर उलटं वरड. फुडचं ती बगून घील." मी दर्शन घेतलं, चांदीची जीभ वाहिली, आणि वर आले तेव्हा म्हातारी तिथं नव्हती. जोगवा मागणारी बाई एका जागी किती वेळ बसेल? चार ठिकाणी फिरत असेल. मी त्यातून काही वेगळं काढत नाही. पण नेमक्या त्या वेळी ती शेळी, ती म्हातारी आणि मी एका जागी आलो, हे मी कसं विसरू?

घरी आल्यावर माझी जी फजिती झाली ती काही विचारू नका. आमचा सालगडी मारुती, त्यानं मोटेचा नाडा अंगणात टाकला आणि कुत्र्यांनी तो कुरतडला. माझं डोकं भणाणलं. "मारुत्या! तुझं... तुझं... सोनं व्हईल मेल्या! दुधातुपात लोळशील!" मारुती पांढरा पडला. दत्तूला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक, बाईला बाहेरचं काय झालंय का? कुनाला तरी दाकवा." शेजारणीला वाटलं मी टोमणे मारतेय, तिनं चार दिवस अबोला धरला. कधी शिवी अर्धी बाहेर पडलेली असायची आणि शेपूट तेवढं पालटावं लागायचं. "तुझा मुडदा... तुझा म्हातारा व्हईल नातवंडांत बसून!" गावातली पोरंटोरं मुद्दाम माझ्या खोड्या काढायची, आशीर्वाद घ्यायला! कितीदा जुनी शिवी सरळच सुटायची, मग देव्हाऱ्यापुढं नाक घासायची. पण हळूहळू एक झालं. तोंडानं 'कल्याण होवो' म्हणत डोळे वटारून उभं राहायचं म्हणजे रागालाच लाज वाटायची. तो जास्त वेळ टिकेना. दत्तू आधी हसायचा, मग हसायचा थांबला. एका संध्याकाळी म्हणाला, "आई, कमळला सांगू का?" मी म्हटलं, "नगं रे. तिला खरं वाटायचं न्हाय, अन् का वाटावं?"

तेरहून निरोप आला की कमळला कळा सुरू झाल्यात. मी दत्तूला म्हटलं, "मलाही ने. अंगणात बसंन, तोंडातून ब्र काढणार न्हाय." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. मोटारीनं धाराशिव, तिथून तेर. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कमळची आई, माझ्या विहीणबाई, दारात आल्या. त्यांनी पाणी दिलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. मी लिंबाखाली बसले आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

आतून कमळचं कण्हणं ऐकू येत होतं. मग ते बारीक होत गेलं. दिवेलागणीला सुईण बाहेर आली आणि विहीणबाईंना हळूच म्हणाली, "बाळ दारात हाय, पर पोरीनं धीर सोडलाय. जोरच लावीना. मागल्या बारीचं तिच्या मनात बसलंय. 'माझी कूस उजवायची न्हाय' एवढंच म्हनायली." ते माझे शब्द. माझेच. दोन वर्षं ती पोर ते उराशी घेऊन जगत होती, आणि आता त्यातच जीव सोडायला बसली होती.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. पदर तोंडातून गळून पडला. मनात एकच होतं: आई, आता तोंड उघडतंय, काय बाहेर पडेल ते माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. आणि मी भिंतीजवळ जाऊन, बांधावरून ओरडायची तशी ओरडले, "ए कमळे! आयकतीस का न्हाय? उजवंल तुझी कूस! आत्ता उजवंल! लेकुरवाळी व्हशील, घर भरंल तुझं, नातवाचं लगीन बगशील! निजलीस काय सटवे, ऊठ, लाव जोर! म्या हाय हितं! म्या बोलले ते खोटं, लेकी, समदं खोटं! हे खरं!" दत्तू धावत आला माझं तोंड दाबायला. पण आतून कमळची अशी आरोळी आली की तो जागीच थांबला. एवढा आवाज त्या पोरीच्या गळ्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि त्या आरोळीच्या मागोमाग बाळ रडलं.

कुणी म्हणेल, दचकून जोर लागला. लागला असेल. मी वाद घालत नाही. मला इतकंच ठाऊक आहे की, सांभाळून बोलायची सवय मी माझ्या बळावर लावून घेत होते, ती धडपड माझी होती. पण त्या घडीला माझी सगळी धडपड संपली होती, कुठला शब्द येईल याची मला खात्री नव्हती, आणि तरी जे आलं ते चांगलं आलं. ते माझं नव्हतं. आपण आपल्या परीनं करत राहावं आणि शेवटचं भवानीवर सोडावं, एवढंच मला कळलं. मी पुन्हा लिंबाखाली जाऊन बसले. दिलेला शब्द मोडला होता, आता कुणी आत बोलावील ही आशा धरायचा मला हक्क नव्हता.

बऱ्याच वेळानं विहीणबाई दारात आल्या. हातात मधाची वाटी होती. चेहरा गोंधळलेला. "ताई, आत चला," त्या म्हणाल्या. आत कमळ भिंतीला टेकून बसली होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. कुशीत मुलगा. ती मला म्हणाली, "आत्याबाई, ह्याला पयला मध तुमी चाटवा."

आमच्याकडं समज आहे, बाळाला पहिला मध ज्याच्या बोटानं लागतो, त्याची बोली बाळाला लागते. म्हणून घरातलं सगळ्यात गोड बोलणारं माणूस शोधतात. विहीणबाईंना राहवेना. "कमळे, इचार कर गं. ज्येचं बोट त्येचीच जीभ लागती लेकराला."

"म्हूनच म्हनते, आई," कमळ म्हणाली. "ह्यांनी मला सांगितलं हुतं आत्याबाई उलट्या शिव्या घालतेत म्हून, मला खरं वाटलं न्हाय. आज म्या माझ्या कानानं ऐकलं. आत्याबाईचीच जीभ लागू दे ह्याला."

तिनं बाळ माझ्या डाव्या हातावर ठेवलं, मी उजवं बोट मधात बुडवून त्याच्या जिभेवर टेकवलं, आणि तो चुटुचुटु चोखायला लागला. भवानी आईला हात जोडायचे होते, पण एका हातात नातू होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या तोंडात. मी तशीच डोळे मिटून बसले. कमळनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले.