माडीच्या सारवणातला डावा हात

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. काडीचा विश्वास नव्हता. तेव्हा तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा... पण झालं ते असं.

आमचं घर पाटणजवळ. माडी कडीपाटाची – लाकडी कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती आणि वर शेणाचं सारवण. माडीवर आधी माझी थोरली जाऊ राहायची. ती सांगलीला फ्लॅटमध्ये गेली, पण सासूबाईंच्या तोंडातून काही गेली नाही. आम्ही सासूबाईंना आत्ती म्हणतो. उठता-बसता त्यांचं एकच, "थोरलीचा हातच येगळा." थोरली डावरी, त्यामुळे तिच्या सारवणाच्या कमानी उलट्या वळायच्या. आल्यागेल्याला त्यांचं कोण कौतुक!

यंदा कौलं सरकून पाणी आलं, फळ्या कुजल्या. सुतार म्हणाला, "वैनी, कोपऱ्यातल्याच गेल्यात. बाकी सागवान लय भारी हाय."

"सगळ्या काढा," मी म्हटलं.

नवरा बघतच राहिला. टाइल्सचा भार माडीला पेलणार नव्हता, म्हणून नव्या फळ्यांवर पुन्हा मातीच आली. पण थोरलीचा हात लागलेलं तिथं काही उरू द्यायचं नव्हतं मला.

माती चोपून सकाळी मी एकटीनं सारवलं, उजव्या हातानं. दाराला कुलूप, किल्ली कमरेला. दुपारी वर गेले तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळ्या कमानी डाव्या!

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच थोरलीला व्हिडिओ कॉल लावला. बाई सांगलीत, आपल्या ओट्यापाशी लसूण सोलत होती.

"का गं, रागात हायस व्हय?" म्हणाली.

"न्हाई, सहजच," म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवलं आणि वाळेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले. डोळा लागला नाही, जागची हलले नाही. तरी कमानी डाव्याच... कधी वळल्या ते कळलंच नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा हात धरून आत्ती वर आल्या. त्यांना आता फारसं दिसत नाही. खाली बसून त्यांनी जमिनीवरून तळवा फिरवला आणि चेहरा एकदम फुलला.

"थोरले, कवा आलीस गं? सांगायचं तरी."

"आई, ही तर..." नवरा बोलायला लागला. मी त्याचा दंड दाबला.

"आत्ताच आले, आत्ती," मी म्हटलं.

त्यांनी मला जवळ ओढलं, तोंडावरून हात ओवाळला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला उलगडलं तर जरूर सांगा. मला एवढंच कळतं – लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्तींनी माझ्यासाठी बोटं कधी मोडली नव्हती. आणि त्या दिवशीही ती माझ्यासाठी मोडली नाहीत.