माळावरच्या माद्या

मी कळमनुरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात टाचणीला टोचलेल्या माश्यांच्या पेट्या आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या एकाच कुळातल्या. इंग्रजीत त्यांना रॉबर फ्लाय म्हणतात. आपण लुटारू माशी म्हणू. घरात घोंघावणाऱ्या माशीशी तिचं नातं लांबचं. अंग लांबट, पाय काटेरी, तोंडावर राठ मिशांचा झुपका, आणि दोन मोठ्या डोळ्यांच्या मधला भाग खोलगट, कुणी बोटानं दाबल्यासारखा. ती दगडावर बसून राहते. समोरून किडा उडत गेला की हवेतच धरते आणि त्याच्या मानेत सोंड खुपसते. सोंडेतून जे आत जातं त्यानं किड्याच्या आतलं सगळं विरघळतं. ते पिऊन झालं की रिकामं कवच खाली टाकून देते.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, औंढा तालुक्यातल्या एका गावात असते. मेहुणे वारल्यापासून एकटीच. तिच्या गावामागं एक खडकाळ माळ आहे. तिथं मला राखाडी अंगाची एक लुटारू माशी सापडली आणि तिनं मला फार छळलं.

माशी कोणत्या जातीची हे ठरवायला एक तक्ता असतो. प्रत्येक पायरीला दोन विधानं. जे जुळेल त्या वाटेनं पुढं जायचं. पंखाच्या शिरा बघितल्या, मिशांचा रंग बघितला, पायावरचे काटे बघितले, आणि एका पायरीवर येऊन थांबले. तिथून पुढची दोन्ही विधानं नराबद्दल होती. या माश्यांत नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखा अवयव असतो, आणि तो प्रत्येक जातीत वेगळा. दिसायला अगदी सारख्या दोन जाती फक्त त्या चिमट्यावरून वेगळ्या कळतात. माझ्याकडं सगळ्या माद्या. कितीदा गेले तरी त्या माळावर माद्याच सापडायच्या.

त्या गावात अजून एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत आहे. जमिनीतून आवाज येतो. खालून कुणी जड पिंप लोटत नेल्यासारखी गडगड होते, फळीवरची भांडी वाजतात, आणि थांबतं. लोक दोन घटका अंगणात उभे राहतात आणि कामाला लागतात. मला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटायचं ते अक्काचं. माळावर जायचं म्हटलं की हातातलं काम टाकून ती माझ्याबरोबर निघायची. माश्यांचं तिला काही नव्हतं. डोक्यावर पदर ओढून एका दगडावर बसायची आणि माझ्यावरची नजर हलू द्यायची नाही.

आश्विनातली ती दुपार होती. खाली शिवारात सोयाबीनची मळणी चालू होती, मग यंत्र जेवणासाठी बंद झालं आणि एकदम सगळं गप्प झालं. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. त्या दगडांवर माद्या बसल्या होत्या. जिकडं बघावं तिकडं एकेका दगडावर एकेक, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मी हलले की त्यांची डोकी माझ्याबरोबर वळायची. अंग तसंच, नुसतं डोकं. या माश्या तशा बघतातच, मी वर्गात शिकवतेसुद्धा. तरी त्या दिवशी मी जाळी हातात धरून जागच्या जागी थांबले.

एकीच्या पायांत सावज होतं. मी जाळी टाकून दोघांना धरलं, बाटलीत घेतलं आणि भिंगातून बघितलं. सावजालाही मिशा होत्या. दोन डोळ्यांच्या मधे तोच खोलगटपणा. पोटाच्या टोकाला चिमटा. मादीनं स्वतःच्याच जातीचा नर धरला होता आणि सोंड अजून त्याच्या मानेतच होती.

मी अक्काला दाखवायला वळले. तेवढ्यात जमीन वाजली. पायाखालून गडगड गेली, बारके खडे उडाले, आणि थांबली. अक्कानं माझं मनगट धरलं होतं. ती कधी उठून जवळ आली ते मला कळलंच नव्हतं. दगडावरची एकही माशी उडाली नव्हती.

मग तिनं विचारलं की आवाजाच्या आधी तुला काही ऐकू आलं का. मी नाही म्हटलं.

"आवाजाच्या आधी हाक येती," अक्का म्हणाली. "मागल्या सालापासून. आईच्या आवाजात."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, काय म्हणते.

"नाव घेती."

"तुझं?"

"न्हाई. तुझं."

आईनं माझं एक घरातलं नाव ठेवलं होतं. ते आता कुणी घेत नाही, अक्कासुद्धा घेत नाही. तेच नाव, असं ती म्हणाली. म्हणून ती मला इथं एकटीला येऊ देत नव्हती. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं, दुसरं काही असलं तर एकदाच, असं आमच्याकडं म्हणतात. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी तिला समजावलं की गडगडीच्या आधी जमिनीतून फार खालच्या सुराचा आवाज निघत असेल, कानाला तो नीट कळत नाही, मग मन त्याला ओळखीचा आवाज देतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि "असंल" म्हणाली.

कॉलेजात नर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. एरवी चिमटा नीट दिसावा म्हणून आतला भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये घालून काढून टाकावा लागतो. इथं काढायला काही नव्हतंच. मादीनं तो पार रिकामा केला होता आणि खालचा उजेड त्याच्यातून आरपार येत होता. पण ओळखायला जे लागतं ते सगळं शाबूत होतं. तक्ता पुढं सरकला आणि एका नावाशी पोचला. फक्त काट्यांची एक रांग वर्णनात काळी होती, माझ्या नरात पिवळी. या कुळाचे एक जाणकार पुण्यात आहेत, त्यांना फोटो पाठवले. त्यांनी कळवलं की एका नरावर, तोही खाल्लेला, नाव लावू नका. अजून नर आणा.

मी पुन्हा गेले तेव्हा अक्काच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की ती जवळा बाजारला आठवडी बाजाराला गेली आहे. थांबले असते तर ऊन उतरलं असतं, आणि ऊन उतरलं की त्या माश्या बसत नाहीत. मी एकटीच माळ चढले.

नर मिळाला. दगडांवर नाही, दगडांमधल्या वाळल्या गवताच्या काडीवर बसला होता, म्हणून आजवर दिसला नव्हता. जाळी टाकली, तोंड मुठीत आवळलं, आणि बाटली काढायला खाली वाकले.

आईनं हाक मारली.

लेकरू खेळायला लांब गेलं की मारावी तशी, शेवटचं अक्षर ओढून. डाव्या हाताला, फार लांब नाही. तोंडात ओ आली होती. ती मी कशी गिळली ते सांगता येणार नाही. मी तशीच वाकून राहिले, नजर खाली. समोरच्या दगडावरची मादी माझ्याकडं बघत नव्हती. तिचं डोकं डाव्या हाताला वळलेलं होतं.

मग दुसरी हाक आली, खालून, आणि ती अक्काची होती. खांद्याला बाजाराची पिशवी, धापा टाकत ती चढून येत होती. जाळी माझ्या हातातून पडली होती, नर उडून गेला होता. मी तिला विचारलं की किती हाका मारल्यास.

"एकच. आत्ता."

तिनं माझं तोंड बघितलं. "ओ दिलीस का?"

"न्हाई."

तिनं मला पुढं घातलं आणि ती मागून चालली. घरी पोचल्यावर मी चहा घेत आवाजाची वाट बघत होते, कारण आवाज आला असता तर माझं बोलणं खरं ठरलं असतं. त्या दिवशी जमीन वाजली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिले, तेव्हाही नाही.

पुढल्या हंगामात मला तीच माशी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडेला सापडली, नर आणि माद्या दोन्ही. नर पुण्याला पाठवले. त्यांचं उत्तर आलं की जात जुनीच आहे, काट्यांचा रंग बदलतो एवढंच. मात्र आपल्या भागातली नोंद त्यांना ठाऊक नाही. मी सगळ्या टाचण्यांवर नाव लिहून लावलं, रिकाम्या नरालाही.

त्या माळावर मी परत गेलेले नाही. अक्का जाते, सीताफळं आणायला, भर दुपारी, एकटी. मागं फोनवर मी तिला विचारलं की तुला भ्या वाटत नाही का.

"मला काहून वाटंल?" ती म्हणाली. "मला कुणी बोलवून राहिलंय का?"

लग्नाची पत्रिका आली नाही की माणूस जसं बोलतं, तशी बोलली. मग तिनं विचारलं की दिवाळीला कधी येतीस. पेपर तपासून झाले की येते, असं मी म्हटलं.