ताक मागणारी बाई

आमच्या आयला कुणाचं भरलं ताट परत आलेलं खपायचं नाही. भांडी घासायला बसली की ताटात काय उरलंय यावरून ती खाणाऱ्याची कुंडली मांडायची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पाचगणीच्या एका बंगल्यावर वडील माळीकाम करत, आय भांडी घासायची आणि आम्ही मागच्या खोलीत राहायचो. मी नऊ-दहा वर्षांची होते. लढाईनं देशोधडीला लागलेल्या, हिवतापानं खंगलेल्या पोलंडच्या चार बायका त्या बंगल्यात हवापालटाला ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीचं ताट रोज जसंच्या तसं परत यायचं. उकडलेले बटाटे, पाव, अंडं, सगळं तसंच.

"अन्नावर राग हाय का काय हिचा?" आय म्हणायची.

राग नव्हता. बंगल्याचे खानसामा साताऱ्याचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना डॉक्टरांचं इंग्रजी कळायचं. त्यांनी सांगितलं, या बाईची एवढीच, म्हणजे माझ्याएवढी, मुलगी खाली कोल्हापूरजवळ वळिवड्याला, पोलंडच्या लोकांच्या छावणीत आहे. बाईचं वजन चार शेर वाढल्याशिवाय डॉक्टर तिला मुलीकडं सोडणार नाहीत, आणि बाईच्या घशाखाली घास उतरत नाही.

आयनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "लेक तकडं आन् ही हितं. मग घास कसा उतरंल? आन् न्हाई उतरला तर लेक कशी भेटंल?"

दुसऱ्या दिवशी ती तडक बाईपुढं जाऊन उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून मागं. "आवं बाई, भूक लागलीया का?" आयचं मराठी तिला काय कळणार, पण आयनं पोटावर ठेवलेला हात कळला असावा. ती जराशी हसली आणि म्हणाली, "ताक."

"ऐकलंस?" आय माझ्याकडं वळून म्हणाली. "ताक मागतीया बाई. आन् हिला हितं अंडी खाऊ घालत्यात."

आमची एक म्हैस होती. आयनं फुलपात्र भरून ताक आणलं. खरं सांगायचं तर ते फुलपात्र आमच्या वापरातलं नव्हतं, मुद्दाम बाजूला काढलेलं होतं. परमुलखातली बाई, काय खात-पीत असेल कुणास ठाऊक, असं आयच्या मनात होतं. बाईनं आधी वास घेतला, मग एक घोट घेतला. मग सगळं ताक एका दमात पिऊन ती रडायलाच लागली. फुलपात्राकडं बोट दाखवून "माश्लांका, माश्लांका" म्हणत राहिली.

"माशी? अगं बया, ताकात माशी पडली व्हय?" आयनं फुलपात्र हिसकून घेतलं आणि आम्ही मायलेकी ते उजेडाला धरून माशी शोधायला लागलो. माशी कुठं सापडेना. आमची ती शोधाशोध बघून बाई रडता रडता हसायला लागली.

त्या दिवसापासून आय काहीही विचारायची आणि बाई "ताक" म्हणायची. बरं वाटतं का? ताक. उन्हाला बसता का? ताक. आय बिचारी प्रत्येक वेळी उठून ताक आणायची. "लय ताकखाऊ हाय," म्हणायची, पण खूश असायची. मग ताकातल्या कण्या सुरू झाल्या, ताकात कुस्करलेली भाकरी सुरू झाली. एकदा शेंगदाण्याची चटणी दिली, तर जिभेला लागताच बाई "न्ये, न्ये" करत हात हलवू लागली. "ने म्हणतीया," म्हणून आयनं ताटली उचलून नेली. ताक आणि ने, या दोन शब्दांवर आमचा सगळा कारभार चालला होता, आणि कधी अडला नाही.

ते वेगळं फुलपात्र पुढं कुठं गेलं कुणास ठाऊक. बाई आमच्या चुलीपाशी पाटावर बसून आयच्याच पितळीत खायला लागली. आय "आवं बाई"वरून "अगं बाय"वर आली. "वहिनी, माझी नोकरी घालवता का काय," म्हणून चाचा थट्टा करायचे.

बाई माझ्या दोन वेण्या घालायची. फार हळू विंचरायची, आयसारखी खसाखसा नाही. मला ती हवी होती. चार शेर भरले की ती जाणार, हे मला ठाऊक होतं. कबूल करते, दोन दिवस मी तिच्या ताकात चोरून तांब्याभर पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी आयनं चव घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मारलं नाही. "तिची बी लेक वाट बघत आसंल," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा मार परवडला असता.

चार शेर भरले, मोटार आली. बाईनं आयला मिठी मारली. आयला असल्या मिठीची सवय नाही, हात कुठं ठेवावेत तिला कळेना. शेवटी तिनं बाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "लेकीपाशी गेल्यावर पोटभर खाशील न्हवं?"

"ताक," बाई म्हणाली.

आय धावत घरात गेली. तांब्या भरून बाहेर आली तोवर मोटार फाटकाबाहेर पडली होती. "दोन घोट पिऊस्तवर थांबाय काय झालं व्हतं?" असं ती रिकाम्या रस्त्याला विचारत राहिली. पुढं कित्येक दिवस हीच रुखरुख. "जाताना तोंडानं मागितलं, आन् म्या तिला कोरडीच लावून दिली," म्हणायची.

मग लग्न होऊन मी सांगलीजवळ माधवनगरला आले. शेजारच्या मावशींनी वळिवड्याच्या छावणीत भाजी विकली होती, त्यांना ती भाषा थोडीफार यायची. मी हसवायला म्हणून त्यांना ही गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, माश्लांका म्हंजी आपलं ताक. आन् त्यांचं ताक म्हंजी व्हय. न्ये म्हंजी न्हाई."

पुढच्या खेपेला माहेरी गेल्यावर मी आयला हे सांगितलं. ती ताकच घुसळत होती. वाटलं, हसेल, नाहीतर ओशाळेल. तिनं दोरी सोडली.

"म्हंजी लेकीपाशी पोटभर खाशील का म्हणून इचारलं, तवा ती व्हय म्हणाली?"

"व्हय."

"मग खाल्लं आसंल तिनं," आय म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा दोरी हातात घेतली.