प्रफुल्लच्या संगणकावर गोदूबाई

थळच्या वाचनालयातले तिन्ही संगणक प्रफुल्लने आणून लावलेले. न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका कचेरीत तो कामाला आहे. तिथे जुने संगणक भंगारात निघाले, ते त्याने साहेबांकडून मागून घेतले. नवं विंडोज त्यांना झेपेना, म्हणून त्याने लिनक्स घातलं. ते कुणीही फुकट घ्यावं, जुन्या यंत्रातही हलकं चालतं, हे तो इतक्या मायेने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, घरच्या गाईबद्दल बोलतोय.

सातवीत माझ्या वर्गात होता, तेव्हाही तो असाच होता. गणिताचं उत्तर जुळलं नाही, तर पुस्तक चुकलंय म्हणायचा. दोनदा ते खरोखर चुकलेलं निघालं.

त्याचं दुखणं एकच. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या कंपन्या लिनक्सला धड विचारत नाहीत. एका कंपनीला त्याने चार पत्रं लिहिली. चारही वेळा उत्तर आलं, कृपया विंडोज वापरा.

"वर्गणी सगळ्यांएवढीच घेतात, बाई," तो मला म्हणाला, "आणि चपला बघून आत सोडतात."

गेल्या वर्षी कोळणींवरच्या एका माहितीपटाचं चित्रण आमच्या किनाऱ्यावर झालं. गोदूबाई आणि काशी या जावांना डोक्यावर टोपल्या देऊन आठ वेळा चालायला लावलं. कधी ही पुढे, कधी ती. त्यातलं कुठलं ठेवलं असेल, यावर दोघींचं वर्षभर भांडण चाललं होतं. माहितीपट आला तो नेमका त्याच कंपनीकडे.

"तुज्या मशिनीवर दिसल का रे?" गोदूबाईने प्रफुल्लला विचारलं.

"रविवारी चार वाजता या, मावशी. मोठ्या पडद्यावर दाखवतो."

त्याची बायको भक्ती म्हणाली, "दादाचा लॅपटॉप आणून ठेवते. विंडोज आहे त्यात."

"आणू नकोस. तीन वर्षं गावाला सांगतोय, यात सगळं होतं. आता गाव बघायला येणार, आणि दुसऱ्याचं यंत्र लावू?"

रविवारी वीसेक बायका आल्या. खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली, हा व्हिडिओ तुमच्या संगणकावर चालणार नाही. प्रफुल्लने ती घाईने मिटवली. दुसरा ब्राउझर उघडला, बरंच काही टाइप केलं. त्याचे कान लाल झाले होते.

"येतं ना रे? का जाऊ कालवण टाकाया?" काशी म्हणाली.

अखेर चित्र हललं. पण कंपनीने लिनक्सला सगळ्यात हलक्या दर्जाचं चित्र दिलं होतं. मोठ्या पडद्यावर समुद्र म्हणजे निळा डाग, बायका म्हणजे रंगीत ठिपके. चेहरे नव्हतेच.

प्रफुल्ल उठला. "माफ करा, मावशी. भक्ती, आण तो लॅपटॉप." एवढं बोलणं त्याला फार जड गेलं.

"बस खाली," गोदूबाई म्हणाली. "आडवा येऊ नको. ती हिरवी कृष्णाबाय हाय."

"व्हय, उजवा पाय वढती बघ," काशी म्हणाली.

"आनि ती जनी. टोपली सोडून हात हालवती, तवाच मासली सांडती."

"तुजी न्हाय सांडत," जनी मागून म्हणाली.

खांदेरी बेटाच्या पल्याड ठिपक्याएवढी बोट दिसली, तरी आपली की दुसऱ्याची हे सांगणाऱ्या या बायका. चेहऱ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. हसण्याने वाचनालय दणाणून गेलं. मग पडद्यावर दोन ठिपके आले, एकामागे एक, आणि सगळ्यांनी गोदूबाई-काशीकडे पाहिलं.

"पुढं तूच हायस, बाय," काशी शेवटी म्हणाली. "कोपर बाहेर काढून दुसरं कोन चालतं."

गोदूबाईने ते तीनदा लावायला लावलं.

प्रफुल्ल माझ्या बाजूला येऊन बसला. "बाई, चित्र वाईटच आहे."

"वाईटच आहे," मी म्हटलं. "पाचवं पत्र लिही."

तोवर भक्तीने आपल्या फोनवर तेच दृश्य लावून गोदूबाईच्या हातात दिलं होतं. लहान, पण लख्ख. गोदूबाईने चष्मा चढवून फोन जवळ धरला.

"ही म्हातारी कोन गो?"

"तुम्हीच, मावशी."

गोदूबाईने आणखी थोडा वेळ निरखलं आणि फोन परत दिला. "बंद कर ते. प्रफुल्ल्या, तुजंच लाव."

प्रफुल्लने चौथ्यांदा लावलं.